विश्लेषण : घरपोच येणारे रिव्हॉल्व्हर... पण बिघाड निघाला तर?

अमेरिकेत ऑनलाइन पिस्तूल घेतले तरी ते थेट घरी येत नाही. विक्रेता ते ग्राहकाच्या गावातील परवानाधारक दुकानदाराकडे पाठवतो. तिथे कागदपत्रे भरली जातात, पार्श्वभूमी तपासली जाते आणि मगच शस्त्र हातात पडते. मात्र त्याच अमेरिकेतील बहुतेक राज्यांत सहा गोळ्यांचे, खरेखुरे चालणारे रिव्हॉल्व्हर बुटांचा जोड मागवावा तसे मागवता येते आणि कुरिअरवाला ते दारात आणून देतो. ते काळ्या दारूवर चालणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील नमुन्याची प्रतिकृती असले म्हणजे झाले. या सोयीमुळे मधला दुकानदार गळाला. त्याच्याबरोबर हातात घेऊन पाहण्याची आणि ‘हे नको, परत पाठवा’ म्हणण्याची संधीही गेली. परिणामी, खोके उघडल्यावर सिलिंडर अडकतो, टोपी बसत नाही, पाचर निघत नाही, अशा तक्रारींना ग्राहकाला एकट्यानेच तोंड द्यावे लागते.

कायद्याच्या नजरेत ही ‘बंदूक’ का नाही?

अमेरिकेच्या १९६८च्या गन कंट्रोल कायद्याने ‘पुरातन शस्त्र’ असा वेगळा वर्ग केला. १८९८ किंवा त्याआधी बनलेली शस्त्रे त्यात येतात. शिवाय त्या काळातील शस्त्रांच्या नव्या प्रतिकृतीही येतात, मात्र त्या आजच्या प्रचलित काडतुसांवर चालणाऱ्या नसाव्यात. या वर्गातील शस्त्राला संघराज्याचा कायदा ‘फायरआर्म’ मानत नाही. त्यामुळे परवानाधारक दुकानदाराची अट लागू होत नाही.

कोकणात आणि गोव्यात ठासणीची बंदूक माहीत असलेल्यांना या रिव्हॉल्व्हरचे तंत्र लगेच कळेल. यात काडतूस नसते. सिलिंडरच्या प्रत्येक खान्यात समोरून दारू भरायची, त्यावर शिशाची गोळी ठेवायची आणि नळीखालच्या दांडीने ती दाबून बसवायची. मागच्या बाजूला प्रत्येक खान्याला एक बारीक पोकळ खुंटी असते, तिला निपल म्हणतात. तिच्यावर ठिणगी देणारी तांब्याची टोपी चढवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि गोळी सुटते. थोडक्यात, एका फिरत्या चक्रात बसवलेल्या सहा ठासणीच्या बंदुका.

सर्वाधिक प्रतिकृती तीन नमुन्यांच्या निघतात : कोल्टचे १८५१चे ‘नेव्ही’, कोल्टचेच १८६०चे ‘आर्मी’ आणि रेमिंग्टनचे ‘१८५८’ नावाने ओळखले जाणारे मॉडेल. मूळ कोल्ट रिव्हॉल्व्हर भारतालाही अनोळखी नाहीत. १८५७च्या उठावात इंग्रज अधिकाऱ्यांकडे कोल्ट आणि ॲडम्स अशा दोन्ही बनावटींची रिव्हॉल्व्हर होती.

अमेरिकेचा वारसा, इटलीचा कारखाना

या प्रतिकृती अमेरिकेच्या इतिहासाच्या नावाने विकल्या जातात, पण बनतात प्रामुख्याने उत्तर इटलीतील ब्रेशिया परिसरात. तिथले व्हाल ट्रोंपिया हे खोरे कित्येक शतकांपासून बंदुकांसाठी प्रसिद्ध आहे. अमेरिकी यादवी युद्धाची शताब्दी १९६१मध्ये सुरू होणार होती. त्यासाठी जुन्या शस्त्रांची मागणी वाढेल हे ओळखून अमेरिकी आयातदारांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या कारागिरांना १८५१च्या कोल्टच्या प्रतिकृती बनवायला सांगितले. ‘उबेर्टी’ ही कंपनी १९५९मध्ये त्यातूनच उभी राहिली. ‘पिएत्ता’ हे या धंद्यातील दुसरे मोठे नाव.

गंमत म्हणजे ज्या देशात ही रिव्हॉल्व्हर बनतात, तिथे ती अशी सहज मिळत नाहीत. इटलीने परवान्याची सूट दिली ती एकच गोळी झाडणाऱ्या प्रतिकृतींना; सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरला नाही. जर्मनीतही तसाच भेद आहे. ब्रिटनमध्ये असे रिव्हॉल्व्हर ठेवायला शस्त्र परवाना लागतो.

बिघाड नेमका कुठे निघतो?

आजचे कारखाने संगणकीकृत यंत्रांवर भाग कापतात, त्यामुळे १९७०-८०च्या दशकातील मालापेक्षा आजचा माल बराच सरस आहे. तरीही अडीचशे ते साडेचारशे डॉलरच्या वस्तूत हाताने घासून, जुळवून बसवण्याचे काम थोडेच होते. आणि मूळ कोल्टची रचना नेमकी याच कामावर उभी होती.

सर्वात जास्त डोकेदुखी कोल्ट नमुन्यातील पाचरीची. या रिव्हॉल्व्हरला वरून पट्टी नसते. फ्रेममधून एक जाड दांडा पुढे येतो, त्यावर सिलिंडर फिरतो आणि त्याच्याच टोकावर नळी चढते. नळी आणि दांडा यांच्या आरपार एक लोखंडी पाचर ठोकली की तिन्ही भाग एकजीव होतात. मूळ कोल्टमध्ये दांड्याचे टोक नळीतील भोकाच्या तळाला टेकत असे. त्यामुळे पाचर कितीही घट्ट ठोकली तरी नळी ठरल्या जागीच थांबायची. अनेक प्रतिकृतींत हा दांडा किंचित आखूड असतो. मग पाचर जितकी आत जाईल तितकी नळी मागे ओढली जाते, सिलिंडरवर दाबली जाते आणि सिलिंडर फिरायचा थांबतो. पाचर सैल ठेवली तर नळी आणि सिलिंडरमधली फट वाढते. ग्राहकाला वाटते, यंत्रणाच बिघडली. प्रत्यक्षात कमी पडलेला असतो दांड्याच्या टोकाचा एक बारीक तुकडा.

हे घरी तपासता येते. रिव्हॉल्व्हर पूर्ण रिकामे असल्याची खात्री करून नळी आणि सिलिंडर काढायचे. मग एकटी नळी थोडी आडवी फिरवून दांड्यावर शेवटपर्यंत सरकवायची. नळीच्या खालच्या भागाची कड फ्रेमच्या कडेला येऊन टेकली तर दांडा पुरेसा लांब आहे. ती फ्रेमच्या कडेवर चढून मागे गेली, तर जितकी चढली तितका दांडा आखूड. इलाज फार खर्चिक नाही. जाणकार कारागीर भोकाच्या तळाशी योग्य जाडीची चकती बसवून देतो. पण नवी कोरी वस्तू घेतल्यावर हे ग्राहकाने का करावे, हा प्रश्न उरतोच. रेमिंग्टन नमुन्यात वरून पट्टी असल्याने आणि नळी फ्रेममध्येच पक्की बसवलेली असल्याने ही भानगडच नसते. पहिल्यांदा घेणाऱ्यांना अनुभवी मंडळी रेमिंग्टन सुचवतात, त्याचे हे एक मोठे कारण.

दुसरी तक्रार टोप्यांची. टोप्या बाजारात ठरावीक मापांत मिळतात, पण कारखान्यातून आलेल्या निपलचे माप त्यांच्याशी जुळेलच असे नाही. टोपी सैल बसली तर ती गळून पडते किंवा फुटल्यावर तिचे तुकडे घोड्याच्या खाचेत अडकतात. घट्ट बसली तर पहिल्या फटक्याला ती फक्त पुढे सरकते, पेट घेत नाही. यावर अनेक जण मूळ निपल काढून चांगल्या प्रतीचे बसवतात. हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. एका खान्यातील ज्वाळा शेजारच्या खान्यात शिरून दोन-तीन गोळ्या एकदम सुटण्याचे प्रकार या जातीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घडतात. ज्वाळा समोरच्या सैल गोळीतून शिरते की मागच्या सैल टोपीतून, यावर नेमबाजांत आजही वाद आहे. म्हणून दोन्हीकडे काळजी घ्यावी लागते. समोर गोळी इतकी घट्ट बसली पाहिजे की दाबताना तिच्या कडेचे शिशाचे बारीक कडे सोलून निघावे. मागे टोपी बोटाने हलता कामा नये.

तिसरी गोष्ट सिलिंडरच्या फिरण्याची. घोडा मागे ओढला की सिलिंडर एक घर पुढे सरकतो आणि खालून येणारी छोटी खिट्टी त्याला नळीसमोर पक्का धरते. खिट्टी आधीच वर आली तर सिलिंडरभोवती खरवडल्याची रेघ उमटते. उशिरा आली तर सिलिंडर पुढे निसटतो आणि खाना नळीसमोर राहत नाही. घोडा अगदी सावकाश ओढून सहाही खान्यांवर हे पाहावे. पाच घरे ठीक आणि सहावे चुकते, असेही होते.

‘कॉन्फेडरेट .४४ नेव्ही’चे गौडबंगाल

सर्वात स्वस्त मिळतात त्या पितळी फ्रेमच्या प्रतिकृती. यादवी युद्धात दक्षिणेकडील राज्यांना लोखंड-पोलादाची चणचण होती, म्हणून जॉर्जियातील ग्रिसवोल्ड अँड गनिसन या कारखान्याने पितळी फ्रेमची रिव्हॉल्व्हर बनवली. ती .३६ कॅलिबरची होती. कोल्टचे १८५१चे नेव्हीसुद्धा .३६चेच. ‘.४४ नेव्ही’ ही आजच्या बाजाराची निर्मिती आहे, इतिहासाची नाही. जाहिरातीत तिच्यापुढे ‘अस्सल’ असा शब्द दिसला तर तेवढ्यापुरते हसून पुढे जावे.

हसण्यावारी न्यायची नाही ती दुसरी बाब. पितळ पोलादापेक्षा मऊ असते. प्रत्येक बारासरशी सिलिंडर मागच्या फ्रेमवर आदळतो आणि पितळेत त्याचा ठसा उमटू लागतो. भरपूर दारू भरत राहिल्यास मधला दांडाही सैल होतो आणि रिव्हॉल्व्हर कायमचे खिळखिळे होते. भिंतीवर लावायला किंवा अगदी थोडी दारू भरून कधीमधी झाडायला पितळ चालेल; नियमित सरावासाठी पोलादी फ्रेमला पर्याय नाही. आणि फ्रेम पितळी असो वा पोलादी, आधुनिक धूरविरहित दारू यात कधीही भरू नये. तिच्या दाबाने सिलिंडर फुटू शकतो.

चाचणीचा शिक्का असूनही?

इटलीत बनणाऱ्या प्रत्येक बंदुकीची दाबचाचणी होते आणि तसे शिक्के तिच्यावर उमटवले जातात. काळ्या दारूच्या शस्त्रावर ‘पीएन’ ही अक्षरे असतात. ‘पोल्व्हेरे नेरा’, म्हणजे काळी दारू, याचे ते संक्षिप्त रूप. शेजारी चौकटीत दोन अक्षरे असतात, ती चाचणीचे वर्ष सांगतात. १९७५साठी ‘एए’पासून ही मालिका सुरू झाली. ‘ताजा माल’ म्हणून आलेला नग प्रत्यक्षात किती वर्षे गोदामात होता, हे त्यावरून कळते.

मात्र हा शिक्का एवढेच सांगतो की नळी आणि सिलिंडर दाब सहन करतात. खिट्टी वेळेवर येते का, दांडा पुरेसा लांब आहे का, खाने नळीच्या मापाचे आहेत का, याची हमी त्यात नसते. ग्राहकांची गल्लत बहुधा इथेच होते.

उलट बाजूही आहे. प्रत्येक कुरबूर दोष नसते. कोल्टचे नेमकाठीचे मागचे टोक म्हणजे घोड्यावरची एक खाच, आणि पंचवीस यार्डांवर नेम वर जातो, कारण मूळ नमुनाच लांबच्या लक्ष्यासाठी जुळवलेला होता. लाकडावरचा लालसर, चकचकीत मुलामा अनेकांना खटकतो, पण तो कारखान्याच्या आवडीचा प्रश्न. काही बार झाल्यावर काजळीने सिलिंडर जड फिरतो, तो काळ्या दारूचा स्वभाव. अशा कारणांवर वस्तू परत पाठवली तर विक्रेता ऐकून घेत नाही आणि त्यात त्याचे चुकतही नाही.

परतीचा रस्ता किती खुला?

अनेक विक्रेत्यांची अट असते की एकदा बार काढला की वस्तू परत घेतली जाणार नाही. त्यानंतरची तक्रार आयातदाराच्या वॉरंटीत जाते आणि दुरुस्तीसाठी आठवडेच्या आठवडे लागू शकतात. म्हणून दारू भरण्याआधीच वर सांगितलेल्या तपासण्या उरकणे शहाणपणाचे. खोके उघडताना सलग व्हिडीओ काढावा, शिक्के आणि क्रमांकाचे फोटो घ्यावेत. संकेतस्थळावरील फोटो त्याच नगाचा नसतो, हे गृहीत धरावे. पाठवण्याआधी कोणी हाताने तपासणार का, हे विक्रेत्याला लेखी विचारावे. थोडे जास्त पैसे घेऊन असे काम करणारेही असतात. दोन कंपन्यांचे सुटे भाग एकमेकांना बसत नाहीत, आणि एकाच कंपनीचा नवा भागही अनेकदा घासूनच बसवावा लागतो. निम्म्या किमतीत ‘शेवटचे दोन नग’ विकणारे अनोळखी संकेतस्थळ असेल आणि पैसे गिफ्ट कार्डने किंवा क्रिप्टोत मागत असेल, तर तिथे दर्जाचा प्रश्नच येत नाही. खोकेच येत नाही.

अमेरिकेतील मराठी मंडळींनी काय पाहावे?

संघराज्याच्या कायद्याची सूट सर्व राज्यांत चालत नाही. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीत ‘पुरातन शस्त्रा’च्या व्याख्येत रायफल आणि शॉटगन आहेत, हातातील रिव्हॉल्व्हर नाही. त्यामुळे तिथे काळ्या दारूच्या रिव्हॉल्व्हरलाही परवान्याची अट लागते. न्यूयॉर्कचे नियमही कडक आहेत. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना आधुनिक बंदूक बाळगण्यावर काही अपवाद वगळता बंदी आहे. प्रतिकृती त्या व्याख्येबाहेर असली तरी राज्याचा कायदा वेगळा असू शकतो, म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय ऑर्डर देऊ नये.

मायदेशी परतताना ही ‘शोभेची वस्तू’ सामानात टाकण्याचा विचार तर मुळीच करू नये. भारताच्या १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार स्फोटकाच्या जोराने गोळी फेकणारे कोणतेही साधन बंदूकच ठरते, मग ते काडतुसावर चालो वा ठासून. कलम ३ नुसार ते बाळगायला आणि कलम १० नुसार ते देशात आणायला परवाना लागतो. कलम ४५ मध्ये जुन्या बनावटीच्या शस्त्रांना सूट आहे, पण दुरुस्त करूनही ज्यातून गोळी झाडता येणार नाही अशांनाच. नवी कोरी, चालणारी प्रतिकृती त्यात बसत नाही. उरलेली दारू आणि टोप्या तर अमेरिकेच्या विमानतळावरच अडतील. हातातील बॅगेत आणि चेक-इन सामानात, दोन्हीकडे त्यांना मनाई आहे.