आधी तारा, मग वारा

टेक्सास म्हटलं की तेल आठवतं. १० जानेवारी १९०१ रोजी बोमाँट शहराजवळच्या स्पिंडलटॉप टेकडीतून तेलाचा फवारा उसळला आणि पुढचे नऊ दिवस तो कुणालाही आवरला नाही. तेव्हापासून या राज्याचं नशीबच तेलावर तरंगतंय. मग अमेरिकेत वाऱ्यापासून सर्वांत जास्त वीज कोणतं राज्य बनवतं? हेच. २००६ मध्ये त्याने कॅलिफोर्नियाला मागे टाकलं आणि तो पहिला नंबर आजवर सोडलेला नाही. या किमयेचं श्रेय पवनचक्क्यांना द्यावंसं वाटतं, पण खरं श्रेय जातं विधिमंडळात मंजूर झालेल्या एका रुक्ष विधेयकाला.

ते विधिमंडळही मोठं गमतीचं. नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदाच, विषम सालात, जास्तीत जास्त १४० दिवसांचं. खालच्या सभागृहात १५० सदस्य, सिनेटमध्ये ३१. भत्ते सोडले तर पगार महिना ६०० डॉलर, म्हणून बहुतेकांचा दुसरा कामधंदा चालूच असतो. पण विजेच्या बाबतीत त्यांच्या हातात असलेली सत्ता अमेरिकेतल्या इतर राज्यांत दुर्मीळ आहे. राज्यातली सुमारे ९० टक्के वीज ‘एरकॉट’ नावाच्या स्वतंत्र ग्रीडमधून फिरते. हे जाळं शेजारच्या राज्यांना जेमतेमच जोडलेलं असल्यामुळे वॉशिंग्टनच्या नियामकांचा त्यावर फारसा अंमल चालत नाही. बरंवाईट जे होईल, ते इथल्याच आमदारांच्या खाती जमा.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात राज्यातल्या वीजकंपन्यांनी एक वेगळा प्रयोग केला. ग्राहकांमधून नमुना निवडून लोकांना एकत्र बसवलं, कोळसा-गॅस-वारा यांचा जमाखर्च समजावून दिला, तज्ज्ञांना प्रश्न विचारू दिले आणि मग मत घेतलं. चर्चेआधी स्वच्छ विजेसाठी थोडं जास्त बिल भरायला ५२ टक्के लोक तयार होते; चर्चेनंतर ८४ टक्के. तेलाच्या राज्यात हा कौल! १९९९ मध्ये विधिमंडळाने वीजबाजार खुला करणारा कायदा केला आणि त्यातच २००९ पर्यंत २,००० मेगावॉट नवी अपारंपरिक वीज उभी करण्याचं बंधन घातलं. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते जॉर्ज डब्ल्यू. बुश, जे स्वतः तेलधंद्यातून आलेले. मुदत संपायच्या कितीतरी आधी उद्दिष्ट गाठलं गेलं.

आणि तिथेच घोडं अडलं. वारा वाहतो पश्चिमेच्या ओसाड पठारांवर आणि माणसं राहतात पूर्वेला, डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिन, सॅन अँटोनियोत. मधल्या शेकडो किलोमीटरच्या तारा अपुऱ्या होत्या. पवनचक्क्या वर्ष-दोन वर्षांत उभ्या राहतात. मोठ्या वीजवाहिनीला त्याहून कितीतरी जास्त वर्षं लागतात. नियमाप्रमाणे गरज सिद्ध झाल्याशिवाय वाहिनी बांधता येत नव्हती आणि वाहिनी नसेल तर पवनचक्कीला बँक कर्ज देत नव्हती. गावाला रस्ता नाही म्हणून एसटी नाही, आणि एसटी येत नाही म्हणून रस्ता मंजूर होत नाही, तशी ही कोंडी.

२००५ च्या ‘सिनेट बिल २०’ने ती फोडली. राज्याच्या पब्लिक युटिलिटी कमिशनला, म्हणजे वीज नियामक आयोगाला, विधिमंडळाने सांगितलं: जिथे वारा उत्तम आहे ते पट्टे तुम्ही ठरवा आणि तिथपर्यंत वाहिन्या आधी बांधून घ्या. पवनचक्क्या येतील मागून. २००८ मध्ये आयोगाने पाच पट्टे निवडले आणि एकूण सुमारे १८,५०० मेगावॉट पवनवीज वाहून नेईल असा आराखडा मंजूर केला. २०१४ उजाडेपर्यंत ३४५ किलोव्होल्टच्या सुमारे ५,८०० किलोमीटर वाहिन्या तयार झाल्या. खर्च जवळपास सात अब्ज डॉलर. तो भरला कुणी? एरकॉटमधल्या प्रत्येक वीजग्राहकाने, आपापल्या बिलातून. ह्यूस्टनच्या बिलातही पश्चिमेच्या मनोऱ्यांचा वाटा होता.

याचा परिणाम काय झाला ते एका आकड्यात दिसतं. २००९ मध्ये पश्चिमेत वारा जोरात सुटला की तारा भरून जायच्या आणि वारा असूनही चक्क्या थांबवाव्या लागायच्या. एरकॉटमधली सुमारे १७ टक्के पवनवीज त्या वर्षी अशी वाया गेली. कधीकधी तिथला घाऊक दर चक्क शून्याखाली जायचा: वीज विकणाराच वर पैसे द्यायचा! कारण वीज ग्रीडमध्ये गेली तरच केंद्राची युनिटमागची करसवलत मिळायची, आणि वर पैसे देऊनही हातात काही उरायचं. नव्या वाहिन्या आल्या आणि २०१३ पर्यंत ही नासाडी दीड टक्क्याच्याही खाली आली.

वाहिन्या पुऱ्या होण्याआधीच पश्चिमेतल्या रॉस्को गावाभोवतीच्या कापसाच्या शेतांत ६२७ पवनचक्क्या उभ्या राहिल्या, एकूण ७८१.५ मेगावॉटच्या. पावसाने दगा दिला तरी शेतकऱ्याच्या हाती जागेचं भाडं येऊ लागलं. २०२० मध्ये एरकॉटच्या विजेत वाऱ्याचा वाटा कोळशाच्या पुढे गेला. वाऱ्यासाठी ओढलेल्या त्याच तारांवर पुढे सौरवीजही चढली.

पण कायद्यात जे लिहिलं जातं त्याने राज्य उभं राहतं, तसं जे लिहायचं राहून जातं त्याने आडवंही होतं. फेब्रुवारी २०११ च्या थंडीत टेक्सासमधली वीज गेली होती. यंत्रांना गारठ्यापासून जपा, अशी शिफारस केंद्रीय तपासणीने केली. विधिमंडळाने मात्र अहवाल मागवण्यावर भागवलं, सक्ती केली नाही. दहा वर्षांनी, १५ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे दोनच्या सुमारास हिशेब चुकता झाला. गॅसच्या विहिरी आणि नळ गोठले, काही पवनचक्क्यांच्या पात्यांवर बर्फ चढला. ग्रीडची वारंवारता ६० हर्ट्झवरून ५९.४ च्या खाली घसरली आणि ४ मिनिटं २३ सेकंद तिथेच राहिली. नऊ मिनिटं राहिली असती तर एकामागून एक संच आपोआप सुटून सारं राज्य काळोखात गेलं असतं, कदाचित कित्येक आठवडे. ते टळावं म्हणून भारनियमन सुरू झालं, तर गॅस पुरवणाऱ्या काही केंद्रांचीच वीज कापली गेली, कारण अत्यावश्यक यादीत त्यांची नोंदच नव्हती. काही तासांनी अणुवीज केंद्राचा एक संचही थंडीने बंद पडला. सरकारी मोजणीनुसार २४६ माणसं दगावली. त्यानंतर कुठे हिवाळ्याची तयारी सक्तीची झाली.

प्राधान्यक्रमही कायम राहत नाहीत. २०२३ मध्ये विधिमंडळाने १९९९ चं ते उद्दिष्ट मोडीत काढायचं ठरवलं. ते केव्हाच पार झालं होतं. त्याच वर्षी मुख्यतः गॅसच्या नव्या प्रकल्पांना स्वस्त कर्ज देणारा निधी मतदारांच्या संमतीने उभा राहिला. २०२५ मध्ये वारा आणि सूर्यावर निर्बंध घालणारी विधेयकं सिनेटने मंजूर केली, पण खालच्या सभागृहात ती अडकली. ज्या इमारतीत पवनविजेचा जन्म झाला, तिथेच तिची कोंडी करण्याचाही प्रयत्न झाला.

साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर वारा आपल्याकडेही आहे. भारतातही अपारंपरिक वीज वाहून नेण्यासाठी ‘ग्रीन एनर्जी कॉरिडॉर’ योजना आखली गेली आणि राज्यांतर्गत वाहिन्यांच्या तिच्या पहिल्या टप्प्यातल्या आठ राज्यांत महाराष्ट्र होता. म्हणून यापुढे सभागृहात कुणी हजारो मेगावॉटची घोषणा केली, तर टाळ्या वाजवण्याआधी तीन प्रश्न विचारा: तार कुठून येणार, कधी येणार आणि तिचे पैसे कुणाच्या बिलात पडणार? या तिन्हींची उत्तरं कायद्यात लिहिलेली असतील, तरच ती घोषणा खरी समजा.