कुंडीतले पाहुणे

वीस वर्षांपूर्वी पुण्यातल्या आमच्या गच्चीवर मी जपानी मेपलचे रोप आणले. 'इथे सहज जगते,' असे विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितले होते. पहिल्या वर्षी पाने आली, दुसऱ्या वर्षी मोजकेच डोळे फुटले, तिसऱ्या उन्हाळ्यात खोड वाळले. मी पाण्यात आणि खतात चूक शोधत राहिलो. चूक निवडीतच होती, हे पुढे वाचनातून उमगले.

समशीतोष्ण प्रदेशातल्या पानगळीच्या झाडाला हिवाळ्याची झोप लागते. दिवस लहान झाले की ते पाने गाळते आणि डोळे मिटून घेते. सात अंशांच्या आसपासचा किंवा त्याखालचा गारवा काही आठवडे मिळाला, तरच ते डोळे वसंतात एकदमाने उघडतात. पुण्यात जानेवारीची पहाट दहा-बारा अंशांवर उतरते, पण दुपार तिशीकडे झुकते. झोप अपुरी राहते, डोळे तुरळक आणि अवेळी फुटतात, साठवलेले अन्न संपते आणि झाड खंगत जाते.

मग बाहेरची झाडे बोन्सायला घेऊच नयेत का? आपली चिंच पाहा. अरबांनी तिला 'हिंदी खजूर' म्हटले, त्यावरून तिचे शास्त्रीय नाव 'टॅमरिंडस' पडले; पण तिचे मूळ उष्ण आफ्रिकेत. तिची पर्णिका मुळातच बारीक, त्यामुळे लहान कुंडीतही झाडाचे प्रमाण बिघडत नाही. बोगनवेल ब्राझीलकडची. तिला कडक ऊन हवे, आणि पाण्याचा थोडा ताण दिला की बहर येतो. मात्र तिची मुळे ठिसूळ असतात आणि मोठ्या कापाखालचे लाकूड कुजते, म्हणून कुंडी बदलताना व छाटताना हात हलका ठेवावा. दक्षिण आफ्रिकेचा जेड पानांत पाणी साठवतो. मुळे छाटल्यावर त्याला काही दिवस पाणी देऊ नये आणि पावसाळ्यात आडोशाला ठेवावे.

तिघांनाही निचरा हवाच. विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू आणि थोडे कुजलेले शेणखत एवढे पुरते. मे महिन्यात गच्चीवरची उथळ कुंडी तापून मुळे भाजतात, तेव्हा झाडाला ऊन मिळू द्यावे, पण कुंडीला सावली करावी.

रोप घेण्यापूर्वी त्याचे मूळ गाव नकाशावर शोधावे. तिथला सर्वांत गार आणि सर्वांत तापलेला महिना आपल्याकडच्या महिन्यांशी ताडून पाहावा. झाड किती दुरून आले याला फारसे महत्त्व नाही. त्याची ओळखीची हवा इथे आहे का, एवढेच पाहायचे.

मेपलच्या त्याच कुंडीत आज चिंच आहे. संध्याकाळी ती पाने मिटते आणि सकाळी उघडते. तिला तेवढी झोप पुरते.