विलासच्या नावापुढचा दोन

टेनिसपटू गिलेर्मो विलासने 1977 साली, पुरुष खेळाडूंची संघटना असलेल्या एटीपीच्या हिशेबाने, 16 स्पर्धा जिंकल्या. जुनी काही कोष्टकं यात आणखी भर घालतात, कारण त्या काळी कुठली स्पर्धा धरायची आणि कुठली नाही यावरच एकमत नव्हतं. फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने ब्रायन गॉटफ्रीडचा 6-0, 6-3, 6-0 असा फडशा पाडला. सप्टेंबरात अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात फॉरेस्ट हिल्सच्या हिरवट मातीवर जिमी कॉनर्सविरुद्ध पहिला सेट गमावला आणि शेवटचा 6-0 ने घेतला. त्या मोसमात सलग 46 सामने तो हरला नाही. मातीवरची सलग विजयांची मालिका तर 53 पर्यंत गेली. ती मोडायला 2006 साल आणि राफाएल नदाल यावा लागला.

आणि वर्षअखेरीच्या क्रमवारीत पहिला कोण? कॉनर्स. विम्बल्डन आणि अमेरिकन, दोन्हींच्या अंतिम फेरीत त्या वर्षी हरलेला. विलास दुसरा.

याचं उत्तर शाळेतल्या सरासरीच्या गणितात आहे. ऑगस्ट 1973 मध्ये एटीपीने संगणकावर क्रमवारी सुरू केली तेव्हा गुणांची बेरीज धरली नाही. वर्षभराच्या गुणांना खेळलेल्या स्पर्धांच्या संख्येने भागायचं, आणि भाजक किमान 12 धरायचा, असा तो नियम होता. समजा, एकाने 12 स्पर्धांत 600 गुण मिळवले, दुसऱ्याने 30 स्पर्धांत 1,200. पहिल्याची सरासरी 50, दुसऱ्याची 40. दुप्पट कमावणारा मागे! विलास हा दुसऱ्या जातीचा गडी. आज ब्युनोस आयर्स, उद्या युरोप, असा आठवड्यामागून आठवडा तो खेळत राही. दुय्यम स्पर्धा जिंकली तरी सरासरी घसरण्याची भीती. ग्रां प्री मालिकेत मात्र गुणांची बेरीज होई, आणि तिथे 1974, 1975 आणि 1977 अशी तीन वर्षं तोच पहिला आला. एकच खेळाडू, एकच मोसम, पण वह्या दोन.

विलासच्या विजयांची मालिका तुटली तीही विचित्रच. ऑक्टोबर 1977, फ्रान्समधलं एक्स-आं-प्रोव्हान्स, अंतिम सामना, समोर इली नास्तासे. त्याच्या हातात ती कुप्रसिद्ध ‘स्पॅगेटी’ रॅकेट. तारांचे दोन थर, त्यांना प्लॅस्टिकच्या नळ्या. चेंडू आदळला की तारा सरकत आणि परत येताना त्याला भन्नाट फिरकी देत. आवाजही नेहमीचा टणक नव्हे. त्यामुळे फटका किती जोरात आला याचा कानाला अंदाजच लागेना. दोन सेट गेल्यावर वैतागलेल्या विलासने सामना सोडून दिला. त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय महासंघाने त्या रॅकेटवर तात्पुरती बंदी घातली, पुढच्या वर्षी कायमची. पराभव मात्र विलासच्या खात्यावर राहिला तो राहिलाच.

तरीही 1977 चं गाऱ्हाणं मला फारसं भक्कम वाटत नाही. त्या वर्षी पॅरिसला ब्यॉर्न बोर्ग खेळलाच नव्हता, विम्बल्डनला विलास तिसऱ्या फेरीत गारद झाला, आणि कारकिर्दीत बोर्गविरुद्ध त्याचा हिशेब 5-17 असा आहे. (गवतावर तो अगदीच लंगडा होता असं मात्र समजू नये. 1974 चं मास्टर्स त्याने मेलबर्नच्या गवतावर नास्तासेलाच हरवून जिंकलं होतं आणि ऑस्ट्रेलियन विजेतेपदही दोनदा मिळवलं.)

खरा मुद्दा 1975 चा आहे. तेव्हा यादी दर आठवड्याला निघत नसे. मधले कित्येक आठवडे कोरे जात. अर्जेंटिनाचे पत्रकार एदुआर्दो पुप्पो आणि रुमानियाचे गणितज्ञ मारियन चुल्पान यांनी काही वर्षं खपून त्या काळातले हजारो निकाल गोळा केले आणि न छापलेल्या याद्या एटीपीच्याच नियमाने मांडल्या. निष्कर्ष असा निघाला की सप्टेंबर 1975 ते जानेवारी 1976 या काळात विलास एकूण सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. ज्या सरासरीने 1977 मध्ये त्याला मागे ठेवलं, तिच्याच जोरावर! हजारांहून अधिक पानांचा हा दस्तऐवज एटीपीकडे गेला. 2015 मध्ये नकार आला.

महिलांच्या संघटनेने असा प्रसंग वेगळ्या तऱ्हेने हाताळला होता. 1976 मधल्या काही नोंदी गहाळ असल्याचं लक्षात आल्यावर डब्ल्यूटीएने 2007 मध्ये इव्हॉन गूलागाँगला दोन आठवड्यांचं अव्वल स्थान बहाल केलं, तब्बल 31 वर्षांनी. एटीपीची भूमिका अशी की खेळाडूंना प्रवेश आणि मानांकन त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या यादीवरूनच मिळत होतं. आता मागे जाऊन इतिहास दुरुस्त करणं बरं नव्हे. हे म्हणणं अगदीच फेटाळण्यासारखं नाही. पण मला ते अर्धंच पटतं. यादी छापली नाही म्हणून त्या आठवड्यांत सामने व्हायचे थांबले नव्हते. आणि नकार देताना एटीपीने पुप्पो-चुल्पान यांच्या आकडेमोडीत चूक काढली नव्हती.