थांबलेला संगणक कुणाची वाट बघतो?

लिनक्सचा डेस्कटॉप सुरू व्हायला दोन-दोन मिनिटं लागायला लागली, की पहिला संशय त्याच्या वयावर जातो. प्रोसेसर जुना झाला, रॅम पुरत नाही, आता नवीनच घ्यायला हवा. पण त्या दोन मिनिटांत प्रोसेसर किती राबला हे बघितलं, तर बरेचदा तो जवळजवळ सगळा वेळ रिकामा बसलेला आढळतो. कुणाची तरी वाट बघत तो खोळंबलेला असतो. कुणाची, कधीपासून आणि किती वेळ, हे विचारलं तर लिनक्स सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत हिशेब देतो. हा हिशेब वाचायला शिकणं हा मला संगणकातला फार मोठा आनंद वाटतो.

मुळात यंत्र सुरू होतं हेच नवल आहे. इंटेलच्या प्रोसेसरला वीज मिळते तेव्हा त्याला ना डिस्क माहीत असते, ना कीबोर्ड. रॅमसुद्धा अजून वापरण्याजोगी झालेली नसते. त्याला एकच पत्ता ठाऊक असतो: ४ जीबीच्या हद्दीच्या बरोबर १६ बाइट अलीकडचा. तिथे मदरबोर्डवरच्या चिपमधली पहिली आज्ञा असते, आणि १६ बाइटांत मावणार किती? बहुतेक वेळा ‘अमुक जागी उडी मार’ एवढंच. त्या क्षणी हा आजचा प्रोसेसर १९७८ सालच्या ८०८६ सारखा १६ बिटांच्या रीतीने चालत असतो. तिथून त्या चिपमधलं फर्मवेअर रॅम जागी करतं, डिस्क शोधतं आणि ग्रब या बूट लोडरच्या हाती सूत्रं देतं. ग्रब कर्नल रॅममध्ये आणतो.

इथे एक गोड पेच आहे. डिस्क वाचायला ड्रायव्हर लागतो, आणि तो ड्रायव्हर त्याच डिस्कवर ठेवलेला असू शकतो. म्हणून ग्रब कर्नलबरोबर एक गाठोडंही आणतो, त्याचं नाव इनिटरॅमएफएस. रॅममध्येच उलगडणारी ही छोटी, तात्पुरती फाइल सिस्टिम असते, आणि खऱ्या डिस्कपर्यंत पोचायला लागतं तेवढंच सामान तिच्यात असतं. खरी डिस्क हाती आली की तिच्यावरचा एकच प्रोग्रॅम सुरू होतो, ज्याचा क्रमांक १ असतो. आजच्या बहुतेक लिनक्समध्ये तो सिस्टमडी. पुढचं सगळं, अगदी लॉगिन स्क्रीनसुद्धा, त्याच्या किंवा त्याच्या लेकरांच्या हातून सुरू होतं.

टर्मिनल उघडून ‘सिस्टमडी-ॲनलाइझ’ ही कमांड दिली की एका ओळीत या प्रवासाचे टप्पे वेगळे होतात: फर्मवेअरला इतके सेकंद, लोडरला इतके, कर्नलला इतके, आणि त्यापुढच्या सेवांना इतके. निदानाची सुरुवात इथूनच करावी. फर्मवेअरपाशीच वीस सेकंद जात असतील, तर लिनक्समध्ये काहीही बदललं तरी ते वाचणार नाहीत. मग मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्कवरून बूट करण्यासारखे नको असलेले पर्याय बंद करायचे. लोडरचा आकडा फुगलेला असेल, तर बहुधा ग्रबचा मेनू तुमच्या उत्तरासाठी थांबलेला असतो. शेवटचा आकडा मोठा असेल, तर खरी शोधाशोध सुरू होते.

त्याच कमांडपुढे ‘ब्लेम’ लिहिलं की प्रत्येक सेवेला किती वेळ लागला याची यादी येते, सर्वांत संथ सेवा सगळ्यांत वर. पुष्कळ जण इथेच चुकतात. नेटवर्क जोडलं जाण्याची वाट बघणारी सेवा बहुधा यादीत वरच्या जागी असते, आणि लोक लगेच ती बंद करतात. पण स्वयंपाकघरात एका शेगडीवर राजमा तासभर शिजत असला, तरी पोळीभाजीचं ताट त्यासाठी अडलेलं नसतं. तसंच हे. एखादी सेवा अर्धा मिनिट चालली म्हणून लॉगिन स्क्रीन तिच्यासाठी थांबली होती असं होत नाही. कोण कुणासाठी अडलं होतं हे ‘क्रिटिकल-चेन’ या जोड-शब्दाने कळतं. तिथे साखळीची एकेक कडी दिसते, आणि साखळीत जी नाही तिला हात लावून बूटचा वेळ वाचत नाही.

सगळ्या सेवा अशा एकाच वेळी शिजायला लागल्या, याला फार वर्षं झालेली नाहीत. सप्टेंबर २००८ मध्ये पोर्टलंडला लिनक्स प्लंबर्स कॉन्फरन्समध्ये इंटेलच्या आर्यान व्हान द व्हेन आणि औके कॉक यांनी असूसचा छोटासा ई-पीसी पाच सेकंदांत सुरू करून दाखवला. त्यांनी आधी वेळ ठरवली आणि मग वाटून दिली: कर्नलला १ सेकंद, सुरुवातीच्या स्क्रिप्टना १, ग्राफिक्सला १, डेस्कटॉपला २. ज्याला आपल्या वाट्यात बसता येईना, त्याची झडती. त्या झडतीत असं निघालं, की मेल सर्व्हर चालवणारे मोजके लोक सोडले तर कुणालाही नको असलेला सेंडमेल सुरू होईपर्यंत सगळ्यांनाच तिष्ठावं लागत होतं.

२०१० मध्ये लेनार्ट पोएटरिंग आणि के सीव्हर्स यांनी सिस्टमडी आणला. त्याच्या मुळाशी असलेली युक्ती ॲपलच्या लाँचडीमध्ये आधीच होती, पण ती समजली तेव्हा मी थक्क झालो. दोन सेवा एकमेकींशी सॉकेटमधून बोलतात. जुन्या पद्धतीत ऐकणारी सेवा पूर्ण तयार झाल्यावरच बोलणारी सुरू करता येई. सिस्टमडी ऐकणाऱ्या सेवांची सॉकेटं आधीच उघडून ठेवतो आणि सेवा एकदम सुरू करतो. बोलणारीने निरोप धाडला आणि ऐकणारी अजून जन्मलीच नसली, तरी कर्नल तो निरोप सांभाळून ठेवतो, आणि ती उठली की पहिल्यांदा तोच वाचते. अशा सेवांचा क्रम कुणी मांडून द्यावाच लागत नाही. ज्याला खरोखर उत्तर हवं असतं तोच थांबतो, तेही उत्तर मिळेपर्यंतच.

एवढं सगळं असूनही यंत्र दीड मिनिट जागचं हलत नाही, त्याचं एक कारण पुन्हा पुन्हा भेटतं. बूट होताना एस्केप दाबलं की चित्रामागचा मजकूर दिसतो. तिथे चौकटी कंसात लाल तारका डावीकडून उजवीकडे आणि परत सरकत असतात. पुढे एका डिस्कचं लांबलचक नाव असतं, आणि घड्याळ चढत असतं: ४५ सेकंद, १ मिनिट, १ मिनिट ३० सेकंद. मग एकदम सगळं सुरळीत सुरू होतं.

हे ९० सेकंद सिस्टमडीची ठरलेली मुदत आहे. लिनक्ससाठी फॉरमॅट केलेल्या प्रत्येक पार्टिशनला एक ओळखक्रमांक, म्हणजे यूयूआयडी असतो, ० ते ९ आणि ए ते एफ यांतल्या ३२ चिन्हांचा. सुरू होताना कोणती पार्टिशनं हवीत, हे ‘एफएसटॅब’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये या यूयूआयडींनी लिहिलेलं असतं. आता कुणी त्याच डिस्कवर दुसरं एखादं लिनक्स टाकतं, आणि टाकताना स्वॅपचं, म्हणजे रॅम अपुरी पडली की वापरायचं पार्टिशन नव्याने फॉरमॅट होतं. जागा तीच, आकार तोच, पण यूयूआयडी नवा. जुन्या लिनक्सच्या एफएसटॅबमध्ये मात्र जुनाच यूयूआयडी राहतो. डिस्क उशिराने हजर होऊ शकते, यूएसबीवरची तर नक्कीच, म्हणून सिस्टमडी थांबतो. तो ज्या यूयूआयडीची वाट बघतोय तो मिटून गेलाय, हे त्याला कळायला काही मार्ग नाही. यदृच्छेने निवडलेल्या यूयूआयडींच्या शक्यतांची संख्या ३७ आकडी असते. तोच यूयूआयडी योगायोगाने पुन्हा उगवेल, ही आशा करण्यात अर्थ नाही.

अडलेलं पार्टिशन स्वॅपचं असेल तर मुदत संपल्यावर यंत्र स्वॅपविना पुढे जातं. ते फाइलींचं असेल तर मात्र यंत्र आणीबाणीच्या काळ्या पडद्यावर जाऊन थांबतं. उपाय दोन्हीकडे एकच. ‘एलएसबीएलके’ कमांडला उणे एफ जोडून आजचे खरे यूयूआयडी बघायचे, एफएसटॅबची एक प्रत बाजूला ठेवायची आणि चुकीची ओळ दुरुस्त करायची. कधी लावली, कधी काढली अशा बाहेरच्या डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्द टाकावा, म्हणजे ती नसली तरी बूट अडत नाही. डेबियन आणि उबुंटूच्या घराण्यात तोच जुना यूयूआयडी ‘रिझ्यूम’ नावाच्या छोट्या फाइलमध्येही दडलेला असू शकतो. तो इनिटरॅमएफएसच्या गाठोड्यात बांधला जातो आणि साधारण अर्धा मिनिट खातो. तिथे दुरुस्ती केल्यावर गाठोडं नव्याने बांधावं लागतं.

काही वेळा हा खोळंबा हार्डवेअरमध्ये असतो. ‘डीमेसेज’ कमांड कर्नलच्या नोंदी दाखवते, प्रत्येक ओळीआधी सेकंद आणि मायक्रोसेकंद. दोन ओळींच्या मध्ये दहा सेकंदांची फट दिसली की तिथेच बघायचं. सॅटा केबल सैल असेल किंवा डिस्क आजारी असेल, तर दुवा मंद आहे, कृपया धीर धरा, अशा अर्थाची ओळ कर्नल स्वतः लिहितो. ती वारंवार दिसली तर आधी फाइलींचा बॅकअप घ्यावा, बाकी सगळं नंतर. धडधाकट डिस्कसुद्धा प्रोसेसरच्या मानाने किती मंद असते बघा: मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या चकतीवर हवी ती जागा नुसती फिरून डोक्याखाली यायलाच सरासरी ४ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात ३ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर सुमारे सव्वा कोटी ठोके मोजतो. जुन्या यंत्रात एसएसडी बसवल्यावर जो फरक पडतो त्याचा उगम इथे आहे.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो २०१९ चा प्रसंग. कर्नल ५.३ ची तयारी चालली होती. ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये कुणीतरी चांगली सुधारणा केली होती, डिस्ककडे कमी वेळा मागणी करावी लागेल अशी. सुधारणा वेग वाढवणारी, आणि एका विकासकाच्या यंत्रावर लॉगिन स्क्रीन येईच ना. गुप्त किल्ल्या बनवायला यंत्राला यदृच्छा लागते, ज्यांचा अंदाज बांधता येणार नाही असे आकडे. कर्नल ते जमवत असे घटनांच्या अनियमित वेळांमधून: डिस्कचं उत्तर कधी आलं, कळ कधी दाबली गेली. डिस्ककडे मागण्या कमी झाल्या, उत्तरं कमी झाली, यदृच्छेचा साठा भरेना, आणि लॉगिन स्क्रीन त्या साठ्यासाठी ताटकळली. लिनस टोरवाल्ड्‌स यांनी ५.३ बाहेर पडण्याआधी ती सुधारणा मागे घेतली. ५.४ मध्ये ती परत आली, आणि सोबत एक नवी सोय: साठा अपुरा असताना कुणी आकडे मागितलेच, तर कर्नल आता हातावर हात धरून बसत नाही. तो टायमर लावून प्रोसेसरच्या ठोक्यांची मोजणी पुन्हा पुन्हा वाचतो, आणि त्या मोजणीत पडणाऱ्या बारीक चढउतारांतूनच यदृच्छा गोळा करतो.