दारावरचा प्रश्न : अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याची गोष्ट

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "सर, परक्या माणसाला आत घ्यायचं की नाही, हे राज्यसंस्था कशावरून ठरवते?" प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, पण आज उत्तर इतिहासातून शोधू. उदाहरण अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचं.

आनंदीबाई जोशी जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा हे खातं नव्हतंच. चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा आदल्या वर्षी झाला होता. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने येणाऱ्यावर माणशी ५० सेंट कर बसवला. पण बंदरावरची तपासणी राज्यांचीच माणसं करत. १८९१ मध्ये केंद्राने हे काम आपल्याकडे घेतलं आणि १ जानेवारी १८९२ ला एलिस बेटावरचं केंद्र उघडलं. १९५४ पर्यंत तिथून सुमारे १ कोटी २० लाख माणसं आत गेली.

आता गंमत बघा. या खात्याने चार वेळा बिऱ्हाड बदललं. सुरुवातीला ते अर्थखात्यात होतं. १९०३ मध्ये व्यापार व कामगार खात्यात गेलं, १९१३ मध्ये वेगळ्या झालेल्या कामगार खात्यात, १९४० मध्ये न्यायखात्यात. २००३ मध्ये ते बंदच झालं आणि त्याचं काम अंतर्गत सुरक्षेच्या नव्या खात्यात तीन यंत्रणांमध्ये वाटलं गेलं.

बिऱ्हाड बदललं की दारावरचा प्रश्नही बदलतो. अर्थखातं विचारतं, हा आमच्यावर बोजा होईल का? कामगार खातं विचारतं, हा आमच्या माणसाची मजुरी पाडेल का? १९४० म्हणजे युद्धाचा काळ. त्या वर्षी चौदा वर्षांवरच्या परकीयांची नोंदणी आणि बोटांचे ठसे सक्तीचे झाले. प्रश्न निष्ठेचा झाला. आणि २००३ मध्ये धोक्याचा. अर्थात जुना प्रश्न पुसून नवा येतो असं नाही, ते एकावर एक साचत जातात. शिवाय कायदे संसद करते, खातं नव्हे. तरी खातं कुणाच्या घरात राहतं, यावरून त्या काळाची भीती कळते.

१८९१ च्या कायद्यात एक शब्दप्रयोग होता : सार्वजनिक बोजा होण्याचा 'संभव' असलेली व्यक्ती. या 'संभव' शब्दापाशी थांबा. तुम्ही काय केलंत याचा पुरावा देता येतो. पण पुढे काय करणार नाही, याचा पुरावा कुठून आणणार? न घडलेल्या गोष्टीला साक्षीदार नसतो. मग निर्णय कशावर होतो? कपड्यांवर, तब्येतीवर, खिशातल्या पैशावर, आणि अधिकाऱ्याच्या अंदाजावर.

याहून कठीण प्रश्न म्हणजे, तू कोण आहेस? भगतसिंग थिंद अमेरिकन सैन्यात होते. तरी १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे ते 'गोरे' नाहीत, म्हणून नागरिकत्वाला पात्र नाहीत. काय उत्तर देणार याला? भारतीयांना नागरिकत्वाची वाट १९४६ मध्ये मोकळी झाली, तीही वर्षाला शंभर जणांच्या कोट्यासह. १९६५ च्या कायद्याने राष्ट्रवार कोटे गेले. आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनियर मोठ्या संख्येने तिकडे गेले ते त्यानंतर. तेव्हा "आम्ही गुणवत्तेवर गेलो" हे खरं असलं तरी अर्धंच खरं आहे. गुणवत्ता थिंद यांच्याकडेही होती, दार बंद होतं.

मग दारावर काही विचारूच नये का? असं मी म्हणत नाही. घर म्हटलं की दार आलं, आणि दार म्हटलं की "कोण आहे?" हेही आलं. माझी अट एवढीच : ज्याला विचारता, त्याला उत्तर देणं शक्य असलं पाहिजे. कागद दाखव, काम सांग, गुन्हा केला होतास का सांग, हे प्रश्न ठीक. जन्म आणि भविष्य यांचा जाब मात्र कुणालाच देता येत नाही, मलाही नाही नि तुम्हालाही नाही.

ही कसोटी फक्त अमेरिकेला लावायची नाही. आपल्या दारावर कोण उभं आहे आणि आपण त्याला काय विचारतो, हेही तिच्यावर घासून बघा. त्यावर पुढच्या वेळी बोलू.