योसेफ थेओडोर क्रोव्ह : एका ‘प्राचीन’ गीताचा कर्ता

बोहेमियातील नोव्हे स्ट्राशेत्सी येथे १७९७ मध्ये जन्मलेले योसेफ थेओडोर क्रोव्ह हे ऑपेरातील ‘टेनर’, म्हणजे उंच पट्टीत गाणारे पुरुष गायक, आणि संगीतकार होते. त्यांचे निधन १८५९ मध्ये फ्रान्समध्ये झाले. त्यांच्या एका गीताच्या भवितव्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्रोव्ह यांनी एका चेक गीताला चाल दिली. ही चाल पंधराव्या शतकातील हुसपंथीयांची असल्याचा समज पुढे रूढ झाला. धर्मसुधारक यान हुस यांना १४१५ मध्ये जिवंत जाळण्यात आले होते. त्यांच्या अनुयायांचा लढा हॅब्सबर्ग सत्तेखालील चेक समाजाला स्वाभिमानाचे प्रतीक वाटत होता. १८४० मध्ये फ्रान्झ लिस्ट यांनी याच चालीवर पियानोरचना केली आणि तिच्या शीर्षकातच ‘पंधराव्या शतकातील हुसपंथीय गीत’ असा उल्लेख केला. त्या वेळी मूळ संगीतकार हयात होता!

हा समज त्या काळाशी सुसंगत होता. १८१७ मध्ये ‘सापडलेले’ क्रालोव्हे द्वूर हस्तलिखितही प्राचीन म्हणून गौरविले गेले. पुढे ते बनावट ठरले. मात्र दोहोंत भेद केला पाहिजे. हस्तलिखित हेतुपुरस्सर रचलेले होते, तर क्रोव्ह यांची चाल अस्सल नवनिर्मिती होती. ‘प्राचीन’ ठरल्याने गीताची प्रतिष्ठा वाढली, परंतु कर्त्याचे नाव मागे पडले.

सारांश, परंपरेविषयीचा आदर कितीही प्रामाणिक असला, तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.