बुलढाणा जिल्हा आणि राज्यघटनेची मान्यता

अकोला, अमरावती व यवतमाळ यांच्यासह वऱ्हाडात मोडणारा बुलढाणा जिल्हा १९०२ च्या कायम भाडेपट्ट्याने, म्हणजे दरसाल २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात, इंग्रजांच्या कारभाराखाली असला, तरी त्यावरील नाममात्र सार्वभौमत्व हैदराबादच्या निजामाचेच होते आणि १९३५ च्या भारत सरकार कायद्यानेही ते मान्य केले होते.

प्रांतिक विधिमंडळांच्या सदस्यांनी निवडलेली संविधान सभा ९ डिसेंबर १९४६ रोजी प्रथम भरली. मध्य प्रांत व वऱ्हाडातून तीत पंजाबराव देशमुख, ब्रिजलाल बियाणी आदी सदस्य होते. डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने तयार केलेल्या मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या व त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, यावरून त्या चर्चेचे गांभीर्य ध्यानात यावे.

अमेरिकेत घटना राज्यांच्या अनुसमर्थनासाठी, म्हणजे स्वतंत्र संमतीसाठी, पाठवावी लागली. भारतात मात्र प्रांतांकडे न जाता २६ नोव्हेंबर १९४९ रोजी सभेनेच ‘आम्ही भारताचे लोक’ या नात्याने ती अंगीकृत केली. संस्थानांची मान्यता घोषणापत्रांद्वारे आली, त्यात निजामाचे फर्मान २३ नोव्हेंबरचे होते. वऱ्हाडाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे कलम शेवटचेच मानावे लागेल, कारण कलम ३९५ ने १९३५ चा कायदा, आणि त्याबरोबर वऱ्हाडविषयक तरतूदही, रद्द केली.

२६ जानेवारी १९५० पासून बुलढाण्याचा रहिवासी कोणत्याही राजाचा प्रजाजन राहिला नाही.